ओला कोपरा

शाळेतून निवृत्त झाल्यावर माणसं काय करतात? कुणी कुंड्यांत रोपं लावतं, कुणी गुडघे चोळत बसतं, कुणी उगाच शेजाऱ्यांच्या संसारात लक्ष घालतं. बाईंनी प्रबंध लिहायला घेतला. आणि विषय तरी कोणता निवडावा? राजकीय भ्रष्टाचार, त्याची कारणं आणि त्याचे परिणाम. वय वर्षं बासष्ट. सगळं गाव त्यांना बाईच म्हणायचं, कारण गावातल्या निम्म्या माणसांना त्रैराशिक त्यांनीच शिकवलं होतं. बाईंनी एकदा ठरवलं की ठरवलं. उत्तराखाली दोन रेघा ओढाव्यात तसं.

यजमान पहिल्या दिवशी हसले होते. "अगं, भ्रष्टाचार बघायला अभ्यास कशाला लागतो? खिडकीत उभी राहा की."

"बघायला खिडकी पुरते हो," बाई म्हणाल्या. "सिद्ध करायला कागद लागतो."

कागदाची ताकद यजमानांना सांगायला नको होती. एकतीस वर्षं ते नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात कारकून होते. नोकरी सुटून सात वर्षं झाली, तरी लोक त्यांना कारकूनच म्हणत, आणि त्यांनाही ते आवडायचं.

तीन वर्षांत जेवणाचं टेबल कागदांनी गिळलं. आधी एक कोपरा, मग अर्धं, मग पूर्ण. कारकून खिडकीच्या कट्ट्यावर ताट ठेवून जेवू लागले. तक्रार केली नाही. उलट त्यांनाही काम मिळालं होतं. बाई गणिताच्या, वेलांट्यांचं आणि त्यांचं जन्माचं वाकडं. कारकुनांनी मात्र उभं आयुष्य साहेब लोकांचे मसुदे सुधारण्यात घातलेलं. तेव्हा बाई लिहीत आणि कारकून तांबडी पेन्सिल घेऊन तपासत. सकाळी ते रेडिओवर कीर्तन ऐकत, मग त्यातलं धृपद दिवसभर गुणगुणत, आणि त्या तालावर पेन्सिल चालायची.

"'परिणाम'ला दीर्घ वेलांटी दिलीस."

"परिणाम लांबवर जातात म्हणून दिली."

"परीक्षकांना हा विनोद कळणार नाही."

असं सगळं गोडीगुलाबीत चाललेलं. रस्त्यांच्या कंत्राटांवरचं तिसरं प्रकरण वाचताना कारकून मांडीवर थाप मारून म्हणाले होते, "बरा पकडलास लबाडांना!" नोकरभरतीवरचं चौथं प्रकरण वाचून त्यांनी बाईंना स्वतः चहा करून दिला होता. आणि आता पाचवं प्रकरण त्यांच्या हातात होतं. शनिवारची दुपार होती. सोमवारी हे प्रकरण बाईंच्या गाईडकडे पोचवायचं होतं.

पाचवं प्रकरण पाणीपुरवठा खात्यावर होतं.

"वाचा सावकाश," बाई म्हणाल्या, आणि लग्नात हसल्या होत्या तशा हसल्या. "तुमच्यासाठी त्यात एक गंमत ठेवलीय."

कारकून वाचू लागले. बाईंनी नगरपालिकेच्या रेकॉर्ड रूममध्ये बसून नळजोडणीच्या जुन्या फायली तपासल्या होत्या. एकेक अर्ज कोणत्या तारखेला आला, कोणत्या तारखेला मंजूर झाला, कुणी रांग मोडून पुढे गेलं का. आणि त्यांना जे सापडलं त्याने त्या स्वतःच थक्क झाल्या होत्या. कुणीही पुढे गेलं नव्हतं. सगळे अर्ज क्रमाने निघाले होते. उशिरा, फार उशिरा, पण क्रमाने. बाईंनी लिहिलं होतं, 'नगरपालिकेच्या सर्व खात्यांत हे एकच खाते असे आढळले, की जेथे राजकीय दबावाचा मागमूस नाही.'

पुढच्याच परिच्छेदात ती गंमत होती. 'संशोधिका ज्या शाळेत शिक्षिका होती, त्या शाळेचा नळजोडणीचा अर्जही साडेतीन वर्षांनी, आपल्या क्रमानेच मंजूर झाला. त्या टेबलावरील कारकून हे संशोधिकेचे पती असूनही त्यांनी शाळेला कोणतीही सवलत दिली नाही.'

कारकुनांचं गुणगुणणं थांबलं. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक टीप होती. त्यांनी चष्मा वर सरकवून ती वाचली, मग खाली सरकवून पुन्हा वाचली.

'रेकॉर्ड रूमच्या भिंतीला ओल असल्यामुळे उजवा वरचा कोपरा खराब झालेल्या ३१२ फायली नमुन्यातून वगळल्या आहेत.'

कारकून पुन्हा गुणगुणू लागले, पण या वेळी जरा मोठ्याने.

बाईंनी मान वर केली. चाळीस वर्षांच्या संसारात एक गोष्ट त्यांना पक्की ठाऊक झाली होती. हे गुणगुणतात तेव्हा देव आठवत असतात, आणि मोठ्याने गुणगुणतात तेव्हा काहीतरी दडवत असतात.

"काय चुकलं?"

"काही नाही. एक अनुस्वार."

"अनुस्वारासाठी एवढा घाम?"

"पेन्सिलीचं टोक मोडलं, नवी आणतो," असं म्हणत कारकून उठले आणि चपला घालून बाहेर पडले. पेन्सिल टेबलावरच राहिली होती. टोक शाबूत होतं.

आता बघा, माणसाला पळायचं असतं तेव्हा देव त्याच्या वाटेत नेमकं कुणाला आणून उभं करतो. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पायरीवर शाळेची जुनी शिपाईबाई बसली होती. बाईंच्या शाळेत तिने पंचवीस वर्षं घंटा वाजवली होती. नळ येईपर्यंत तिनेच रस्त्याच्या हापशावरून दोन मजले पाणी चढवलं होतं, दोन्ही हातांत दोन बादल्या. आता ती कमरेत अशी वाकली होती की बोलताना समोरच्याच्या चपलांशी बोलते आहे असं वाटायचं.

"कोण, कारकून का?" ती चपला ओळखून म्हणाली. "बाईंचं पुस्तक झालं का हो?"

"होत आलं."

"माझं नाव घालणार म्हणाल्या होत्या त्यात. मी म्हटलं, बाई, मी काय केलंय नाव घालण्यासारखं? बादल्याच तर उचलल्या." ती खुदकन हसली. "आणि तुम्हीही काय करणार बिचारे! वरून मंजुरीच येत नव्हती म्हणे."

"हो," कारकून म्हणाले. "वरून."

मग तिने त्यांचा हात धरून उठायला मदत मागितली. कारकुनांनी उजवा हात पुढे केला. तिने नेमका अंगठा पकडला, लहान मूल पकडतं तसा, आणि कण्हत उठली. ती दिसेनाशी होईपर्यंत कारकून तिथेच उभे होते. पेन्सिल घ्यायची त्यांना आठवणही राहिली नाही.

ते परत आले तेव्हा बाई पाचव्या प्रकरणाची छापील प्रत नीट लावून ठेवत होत्या. पानं उलटायला त्यांच्याजवळ एक गोल डबी होती, पाण्यात भिजवलेल्या स्पंजची. कारकुनांच्या ऑफिसातल्या टेबलावरची ती डबी. निवृत्तीच्या दिवशी सोबत्यांनी हसत हसत त्यांच्या खिशात टाकली होती, "तुमची आठवण तुम्हालाच," म्हणून.

कारकून खुर्ची ओढून समोर बसले. गुणगुणले नाहीत. डबी पुढे घेतली, अंगठा स्पंजावर नीट दाबला, आणि पाचव्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर, उजव्या वरच्या कोपऱ्यात टेकवला.

"अहो! शेवटची प्रत आहे ती! डोकं फिरलंय का?"

"थांब. सुकू दे."

"काय सुकू दे?"

"बस गं जरा. पंखा लाव."

बाईंनी पंखा लावला. का लावला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. यजमानांच्या आवाजात असं काही होतं की पंखा लावावासा वाटला. दोघं समोरासमोर बसून एक कागद सुकताना बघत राहिली. हळूहळू तो कोपरा आकसला, त्याला बारीक सुरकुत्या पडल्या, आणि कडेने फिकट गोल डाग उमटला. 

"हे ओळखतेस?" कारकुनांनी विचारलं.

बाईंनी फाईल उघडली. वगळलेल्या फायलींचा एक फोटो त्यांनी पुरावा म्हणून काढून ठेवला होता. तो फोटो त्यांनी पानाशेजारी ठेवला. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"भिंतीला ओल होती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी हात लावून पाहिलं होतं. सगळ्या फायलींचा तोच कोपरा भिंतीकडे होता."

"भिंत ओली होती, खरंय. पण भिंतीला अंगठा नसतो गं."

मग कारकुनांनी सांगितलं. नगराध्यक्षांच्या ऑफिसातून फोन यायचा. अमक्याच्या फाईलवर शब्द आहे, एवढंच. कागदावर कधी काही नाही. कारकुनाने ती फाईल उचलायची, ओला अंगठा कोपऱ्यात टेकवायचा आणि गठ्ठा वर पाठवायचा. इंजिनिअर साहेब गठ्ठ्याच्या कडेवरून नुसतं बोट फिरवायचे. जिथे खडबडीत लागेल ती फाईल त्याच दिवशी सही होऊन खाली यायची. बाकीच्या राहायच्या. ऑफिसात त्यांना ओली आणि सुकी म्हणत. 'आज ओल्या किती?' असं चहाच्या टपरीवरही मोठ्याने विचारता यायचं. लोकांना वाटायचं, पाण्याचं खातं आहे, असेल काहीतरी.

बाई ऐकत होत्या. गणिताच्या बाई त्या. त्यांच्या डोक्यात बेरीज-वजाबाकी आपोआप सुरू झाली होती.

"तीनशे बारा," त्या म्हणाल्या. "म्हणजे रांग मोडून पुढे गेलेले तीनशे बारा मी स्वतःच्या हातांनी बाजूला काढून ठेवले. आणि मागे राहिले त्यांना तपासून म्हटलं, वा, काय सरळ रांग आहे!" त्यांनी फोटो पालथा घातला. "आणि मधले क्रमांक का नाहीत, तर ओलीत गेले असतील, असं धरून चालले. शाळेत एखाद्या पोराने असं गणित सोडवलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं."

"चूक तुझी नाही."

"तुमची आहे. ते मी विसरले नाहीये, त्याच्याकडे येतेय." बाईंनी हाताची घडी घातली. "पैसे?"

"नाही. देवाशपथ. चहासुद्धा नाही."

"मग काय घेतलंत?"

कारकुनांनी डबी बोटाने थोडी दूर सरकवली. "बदली घेतली नाही," ते शेवटी म्हणाले. "माझ्या आधी त्या टेबलावर होता त्याला एकदा स्पंजच सापडेना. मुद्दामच सापडेना. महिन्याभरात त्याला नदीपलीकडच्या पंपहाउसवर टाकलं. तिथून आठवड्याला एकदा घरी यायचा. आपलं नुकतंच लग्न झालेलं. तुझी शाळा इथे. पहिला फोन आला त्या दिवशी ती फाईल मी जेवणाच्या सुट्टीपर्यंत तशीच धरून बसलो होतो गं. दुसऱ्या फोनला कमी वेळ. पुढे पुढे सकाळी ऑफिसात गेलं की डबीत पाणी आहे ना, एवढंच बघायचो. संध्याकाळी घरी यायचो तर तू दारात."

बाईंनी नजर वळवली. दारातली ती तरुण मुलगी त्यांनाही आठवली असावी.

"आणि शाळेची फाईल?"

"सुकी होती."

"मी तुम्हाला विचारायचे."

"रोज विचारायचीस. मी म्हणायचो, वर आहे."

"आणि असायची कुठे?"

"माझ्या कोपराखाली."

पंख्याने दोन कागद उडवले. कुणीच उचलले नाहीत. साडेतीन वर्षं! बाईंना त्या वर्षांतलं सगळं दिसू लागलं: मुलांच्या रिकाम्या बाटल्या, मधल्या सुट्टीनंतर घरी पळणाऱ्या मोठ्या मुली, जिन्यावर सांडलेलं पाणी, आणि दर पायरीला थांबणारी शिपाईबाई. बाईंचा चेहरा लाल झाला. हात टेबलावर आपटला.

"अहो, मग लावायचा होतात की एक अंगठा! तीनशे बारा लोकांना लावलात, तीनशे तेरावा माझ्या शाळेला लावायला काय झालं होतं?"

बोलून गेल्या. आणि जे बोलल्या ते दोघांनीही ऐकलं.

बाईंनी तोंडावर हात ठेवला. भ्रष्टाचारावर तीन वर्षं आणि चारशे पानं खर्ची घातलेली बाई! कारकून त्यांच्याकडे बघत होते, जपून, काचेचं भांडं हातातून निसटताना बघावं तसे. आधी बाईंचे खांदे हलले. कारकुनांना वाटलं, रडतेय. त्या हसत होत्या. मग रडतही होत्या. मग दोन्ही एकदम.

"दोनदा उचलली होती शाळेची फाईल," कारकून पुटपुटले. "दोनदा अंगठा भिजवला. पण वरून शब्द नसताना ओली केली असती तर पकडलो गेलो असतो. तू लिहिलंयस ना, पतीने सवलत दिली नाही? ते प्रामाणिकपणाने नव्हतं गं. भीतीने होतं. म्हणून ते वाक्य तेवढं खोडायला आलो, आणि सगळंच निघालं."

बाईंनी पदराने डोळे पुसले. तांबडी पेन्सिल उचलली, वही ओढली आणि काहीतरी लिहिलं.

"काय लिहिलंस?"

"मी आत्ता बोलले ते. कारणांच्या प्रकरणात जाईल. तीन वर्षं मी कारण नगराध्यक्षांच्या ऑफिसात शोधत होते." त्यांनी खाली दोन रेघा ओढल्या. "जेवणाच्या टेबलावर सापडलं."

मग त्यांनी फोन उचलला आणि गाईडना सांगितलं की पाचवं प्रकरण सोमवारी येणार नाही, आणखी चार महिने लागतील, आणि हो, सर, नमुना चुकलाय, पूर्ण चुकलाय. पलीकडून मोठा आवाज आला. बाई शांतपणे म्हणाल्या, "नाही सर, भिंतीची चूक नाही. माणसाची आहे. दोन माणसांची." आणि फोन ठेवला.

"रागावलीस?" कारकुनांनी विचारलं.

"पुष्कळ. महिनाभर पुरेल इतकी. चार महिने रोज माझ्याबरोबर रेकॉर्ड रूममध्ये यायचं. तीनशे बारा फायली. कुठली तुमच्या अंगठ्याची आणि कुठली खरंच भिंतीची, ते तुम्हालाच कळेल. डबा मी बांधीन."

"येईन."

"आणि शिपाईबाईला सांगायचं."

कारकुनांचा चेहरा उतरला. "मी?"

"मग काय, वरून कुणी येणारे? आजच. मी बरोबर येते. पण बोलायचं तुम्ही. आणि मी तुमचा हात धरणार नाही, आधीच सांगते." त्या थांबल्या. "परत येताना धरीन."

एवढं बोलून बाई ताठ बसल्या. कपाटातून एक छापील कागद काढला. फोनवरचं रेकॉर्डिंग सुरू करून फोन दोघांच्या मध्ये ठेवला. या टेबलाशी बसून बावीस माणसांनी त्यांना जबानी दिली होती, कुणी नाव लपवून, कुणी आवाज बदलून. बाईंनी घसा साफ केला.

"साक्षीदार क्रमांक तेवीस. आपला व्यवसाय?"

"अगं, तुला माहीत नाही का?"

"आपला व्यवसाय?"

कारकूनही सावरून बसले. शर्टाचं वरचं बटण लावलं. "निवृत्त कारकून, पाणीपुरवठा खातं."

"ही जबानी आपण कुणाच्या दबावाखाली देत आहात का?"

कारकुनांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी डोळे वटारले.

"नाही," ते म्हणाले. "या वेळी नाही."

बाईंनी कागद पुढे सरकवला. खाली एक रेघ होती आणि तिच्याशेजारी फुली. कारकुनांचा उजवा हात उठला आणि त्यांच्या नकळत, एकतीस वर्षांच्या सवयीने, डबीकडे वळला. अंगठा स्पंजाला टेकणार तोच बाईंनी डबीवर झाकण ठेवलं.

"अंगठा नको," त्या म्हणाल्या. आवाज कडक होता, पण पेन त्यांनी स्वतःच टोपण काढून त्यांच्या बोटांत दिलं. "सही करा. पूर्ण नावाने."

कारकुनांनी कागद जवळ ओढला. एवढ्या फायली या हाताखालून गेल्या होत्या, आणि त्यांतल्या एकाही ओल्या कोपऱ्याशेजारी त्यांचं नाव नव्हतं. ते सावकाश लिहू लागले, एकेक अक्षर सुटं, शाळेतल्या मुलासारखं जीभ दातांत धरून. बाई वाकून बघत होत्या.

"वेलांटी चुकली का?" कारकुनांनी मान वर न करता विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "बरोबर आहे. पुढे लिहा."